एक व्हिडिओ, तीन कॉम्प्युटर: एन्कोडिंगचं काम नेटवर्कवर कसं वाटायचं

एन्कोडिंग म्हणजे व्हिडिओ दाबून लहान फाइल बनवणं. दोन तासांचा चित्रपट घ्या, सेकंदाला २४ फ्रेम्सचा, म्हणजे २४ चित्रांचा. एकूण १,७२,८०० फ्रेम्स होतात. हाताशी तीन कॉम्प्युटर आहेत. तुम्ही ठरवलेल्या सेटिंगला पहिला सेकंदाला ३० फ्रेम्स एन्कोड करतो, दुसरा १५ आणि अडगळीतून बाहेर काढलेला तिसरा कसाबसा ५. एकट्या पहिल्यावर काम सोपवलं तर ९६ मिनिटांत फाइल तयार. आता तिघांना सारखा वाटा द्या, प्रत्येकी ५७,६०० फ्रेम्स. पहिला ३२ मिनिटांत मोकळा होतो, दुसरा ६४ मिनिटांत आणि तिसरा १९२ मिनिटं रखडत बसतो. दोन जास्तीचे कॉम्प्युटर जोडले आणि वेळ दुप्पट झाला.

खरं तर तिघं मिळून सेकंदाला ५० फ्रेम्स काढू शकतात, म्हणजे काम ५८ मिनिटांच्या आत बसायला हवं. त्यासाठीची युक्ती साधी आहे: कुणाला काम नेमून द्यायचंच नाही. छोटे तुकडे एका जागी ठेवायचे आणि जो मोकळा होईल त्याने पुढचा उचलायचा. बाकी सगळी खटपट आहे ती हे तुकडे नीट तोडण्याची आणि पुन्हा बेमालूम जोडण्याची.

तोडायची गरज आहे का, ते आधी बघा

एन्कोड करायच्या फाइली पन्नास असतील आणि मशीनं तीन, तर एकही फाइल तोडू नका. प्रत्येक मशीनने एक अख्खी फाइल उचलायची, संपली की दुसरी. सांधे नाहीत, आवाज पुढेमागे होण्याची भीती नाही, तपासणीही सोपी. या कामासाठी टीडार हे तयार साधन चांगलं आहे. एका मशीनवर सर्व्हर बसवायचा, बाकीच्यांवर नोड (प्रत्यक्ष काम करणारा प्रोग्रॅम), आणि सगळा कारभार ब्राउझरमधून बघायचा. त्याचं वेबपान ८२६५ पोर्टवर दिसतं, नोड ८२६६ पोर्टवर सर्व्हरशी बोलतात. नव्या माणसाचं गाडं बहुतेक वेळा फोल्डरच्या पत्त्यावर अडतं: सर्व्हरला दिसणारा पत्ता आणि नोडला दिसणारा पत्ता वेगळे असतात. नोडच्या सेटिंगमध्ये पत्त्यांचं भाषांतर भरलं की प्रश्न सुटतो.

फाइल तोडावी लागते ती दोन प्रसंगी. एक, मोठी फाइल एकच आहे आणि ती लवकर हवी आहे. दोन, एन्कोडरला मशीनचे सगळे कोअर (प्रोसेसरचे स्वतंत्र भाग) वापरताच येत नाहीत. हा दुसरा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. एक्स२६५ हा एन्कोडर चित्राचे ६४ बाय ६४ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि एका फ्रेममधल्या चौकोनांच्या ओळी समांतर चालवतो. १०८० ओळींच्या चित्रात चौकोनांच्या अशा १७ ओळी बसतात, ४८० ओळींच्या चित्रात फक्त ८. एकाच वेळी दोन-चार फ्रेम्सवर काम करून तो भरपाई करतो, पण लहान चित्र आणि ३२ थ्रेडचा (एकदम ३२ कामं चालवणारा) प्रोसेसर अशी जोडी जमली की निम्मी ताकद बसून राहते. अशा वेळी एकाच मशीनवर दोन-तीन तुकडे एकदम चालवले तरी वेग वाढतो, नेटवर्कची गरजही पडत नाही. एव्ही१एएन हे साधन नेमकं तेच करतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. ग्राफिक्स कार्डावरचा किंवा प्रोसेसरमधला हार्डवेअर एन्कोडर तुमच्या गरजेला पुरत असेल तर हा सगळा पसारा मांडूच नका. काम वाटून घेण्यात अर्थ आहे तो एक्स२६४, एक्स२६५, एसव्हीटी-एव्ही१ असे सॉफ्टवेअर एन्कोडर संथ प्रीसेटवर (सेटिंगच्या तयार संचावर) चालवताना, जिथे कमी आकारात चांगलं चित्र हवं असतं.

नेटवर्कला किती ताण पडतो

लोकांना वाटतं त्यापेक्षा बराच कमी, पण एका अटीवर. १०८० ओळींच्या ८-बिट चित्राची एक उघडी, म्हणजे न दाबलेली फ्रेम साधारण ३.१ मेगाबाइटची असते. सेकंदाला २५ फ्रेम्स धरल्या तर ७८ मेगाबाइट झाले. गिगाबिट जाळ्यातून प्रत्यक्षात सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास डेटा जातो. म्हणजे एका मशीनवर डीकोड करून (दाबलेला व्हिडिओ उलगडून) उघड्या फ्रेम्स दुसऱ्याकडे धाडायच्या म्हटलं तर एकाच कामगार मशीनने अख्खी तार अडवली. म्हणून डीकोडिंगसुद्धा ज्याचं त्याने करायचं, तारेतून फक्त मूळ दाबलेली फाइल जाऊ द्यायची. ब्लू-रेच्या चित्राचा कमाल बिटरेट (डेटाचा वेग) सेकंदाला ४० मेगाबिट आहे, म्हणजे ५ मेगाबाइट. आपला ३० फ्रेम्सवाला पहिला कॉम्प्युटरही सहा-सात मेगाबाइटच्या वर मागणार नाही. अशी डझनभर मशीनं एका गिगाबिट तारेवर जगतात.

वायफायवर काम होतं, पण निदान फाइली सांभाळणारं मशीन तरी तारेने जोडा. केबल कॅट ५ई असली तरी १०० मीटरपर्यंत गिगाबिट चालतं. जोडणीचा खरा वेग मात्र डोळ्यांनी बघून घ्या. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. एखादी तार टोकाशी तुटलेली असली की दिवे लागतात, इंटरनेट चालतं, कुणाला संशय येत नाही आणि मशीन निमूटपणे १०० मेगाबिटवर उतरलेलं असतं.

तारेपेक्षा डिस्कच आधी दम टाकते. फिरत्या हार्ड डिस्कवरून पाच मशीनं एकाच वेळी पाच ठिकाणचं वाचू लागली की तिचा काटा इकडून तिकडे पळण्यातच वेळ जातो. तुकडे एसएसडीवर ठेवा, किंवा प्रत्येक कामगाराने आपला तुकडा आधी स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्यावा.

मशीनं निवडताना प्रत्येकाचा वेग मोजा, आणि तो निदान दहा मिनिटं सलग. पातळ लॅपटॉप पहिली दोन मिनिटं जोरात धावतात आणि तापले की मंदावतात. विजेचाही हिशेब करा. समजा पहिला कॉम्प्युटर १५० वॅट घेऊन सेकंदाला ३० फ्रेम्स काढतो: फ्रेममागे ५ जूल. जुनाट तिसरा १०० वॅट घेऊन ५ काढतो: फ्रेममागे २० जूल. तो एकूण कामाचा दहावा हिस्सा उचलतो आणि त्यासाठी चौपट दराने वीज खातो. फार घाई नसेल तर मी असं मशीन बंदच ठेवेन.

शेवटी किरकोळ पण न विसरण्याची कामं. प्रत्येक मशीनला राउटरमधून कायमचा आयपी पत्ता द्या, झोपी जाण्याची सेटिंग बंद करा आणि घड्याळं एकमेकांशी जुळवून ठेवा. मधल्या वेळेत त्या मशीनवर कुणी काम करणार असेल तर एन्कोडिंग कमी प्राधान्याने चालवा. त्याला जाणवत नाही, तुमचंही फारसं अडत नाही.

सगळीकडे एकच एन्कोडर

इथे हयगय केली तर भुर्दंड जोडणीच्या वेळी पडतो. तयार व्हिडिओच्या सुरुवातीला एक छोटी माहितीपत्रिका असते: आकार, प्रोफाइल, संदर्भ फ्रेम्स किती, बिट किती. तुकडे नुसते चिकटवताना बहुतेक साधनं पहिल्या तुकड्याची पत्रिका अख्ख्या फाइलला लावतात. पुढच्या एखाद्या तुकड्याची पत्रिका वेगळी निघाली की प्लेअर त्या जागी हिरवे-गुलाबी चौकोन दाखवतो, नाहीतर सरळ थांबतो.

म्हणून एफएफएमपेग या व्हिडिओ प्रोग्रॅमचं एकच स्टॅटिक बिल्ड (लागणारं सगळं आत असलेली फाइल) घ्या आणि तीच फाइल सगळ्या मशीनवर टाका. विंडोज आणि लिनक्सची सरमिसळ असेल तर निदान एफएफएमपेग आणि त्यातल्या एन्कोडर लायब्ररीची आवृत्ती तंतोतंत जुळवा. लिनक्स डिस्ट्रिब्युशनच्या भांडारातून जे येईल ते घेऊ नका: एका मशीनवर दोन वर्षांपूर्वीचं असतं, दुसऱ्यावर कालचं. एकाच चित्रपटात काही तुकडे एक्स२६४ ने आणि काही ग्राफिक्स कार्डाने करायचा मोहसुद्धा टाळा. दोघांचा पोत वेगळा दिसतो, सांधा लपत नाही.

सामायिक फोल्डर आणि प्रवेश

एका मशीनवर कामाचा फोल्डर करा आणि तो बाकीच्यांना दिसेल अशी सोय करा. सगळी लिनक्स मशीनं असतील तर एनएफएस, विंडोज मधे असेल तर सांबा. दोन्ही नेटवर्कवरून फोल्डर वाटण्याच्या पद्धती आहेत. फोल्डरचा पत्ता प्रत्येक मशीनवर अक्षरशः एकच ठेवा. त्याच्या आत पाच फोल्डर करा: मूळ, रांग, चालू, तयार, अडलेले. नावं प्रत्यक्षात रोमन लिपीत आणि मोकळी जागा न सोडता द्या, स्क्रिप्ट लिहिताना डोकेदुखी वाचते.

एनएफएसचे तीन खोडसाळ गुण ठाऊक असावेत. एक, तो माणूस नावाने ओळखत नाही, आकड्याने ओळखतो. दोन मशीनवर तुमचं वापरकर्ता नाव सारखं असलं आणि क्रमांक वेगळे असले तर ‘परवानगी नाही’ हे उत्तर ठरलेलं. दोन, माउंट करताना (तो फोल्डर आपल्या मशीनला जोडताना) हार्ड हा प्रकारच राहू द्या. सॉफ्ट ठेवलं आणि सर्व्हर क्षणभर गायब झाला तर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला चूक परत मिळते आणि अर्धवट फाइल उरते. हार्डमध्ये तो वाट बघत थांबतो. तीन, फोल्डरची यादी प्रत्येक मशीन काही काळ स्वतःजवळ साठवून ठेवतं. लिनक्सवर फोल्डरसाठी हा काळ सहसा ३० ते ६० सेकंदांचा असतो. दुसऱ्या मशीनने टाकलेली फाइल लगेच दिसली नाही तर घाबरून जाऊ नका, आणि ‘यादीत दिसत नाही म्हणजे झालेलं नाही’ असा तर्क स्क्रिप्टमध्ये लिहू नका.

मुख्य मशीनवरून बाकीच्यांवर जायला एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरण्याची सोय) वापरा, पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी. या कामासाठी वेगळा, मोजक्या अधिकारांचा वापरकर्ता करा. एकदा प्रत्येक मशीनवर हाताने शिरून बघा, कारण पहिल्या भेटीत एसएसएच ‘हे मशीन ओळखीचं आहे का?’ असं विचारतो आणि स्क्रिप्ट त्या प्रश्नावर गुपचूप अडून बसते. हे सगळं घरच्या किंवा कार्यालयाच्या जाळ्यापुरतंच ठेवा. एनएफएस इंटरनेटवर उघडा टाकायची वस्तू नाही.

तुकडे पाडणं

इथे घाई करू नका, निम्मी बिघाडं इथे जन्मतात.

दाबलेल्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. मधूनमधून एक कीफ्रेम स्वतःच्या जोरावर उभी असते, बाकीच्या आजूबाजूच्या फ्रेम्सवर टेकून असतात. त्यामुळे डीकोड न करता कापायचं तर कीफ्रेमपाशीच कापावं लागतं. एफएफएमपेगचा सेगमेंट हा प्रकार नेमकं तेच करतो: कोडेक कॉपी (पुन्हा एन्कोड न करता जसंच्या तसं उचलणं) ठेवा, ६० सेकंद सांगा, साठाव्या सेकंदानंतरच्या पहिल्या कीफ्रेमला तो कापतो. अख्खा चित्रपट कापायला डिस्क चालेल तेवढाच वेळ लागतो.

पण काही फाइलींत कीफ्रेमनंतर येणाऱ्या, पण दिसायला तिच्या आधी असलेल्या फ्रेम्स मागच्या गटावरही टेकलेल्या असतात. याला ओपन जीओपी म्हणतात. ब्लू-रे आणि टीव्ही प्रसारणाच्या फाइलींत हे सर्रास आढळतं. तिथे कापलं की नव्या तुकड्याच्या सुरुवातीच्या दोन-तीन फ्रेम्सचा आधार मागच्या तुकड्यात राहतो. डीकोडर त्या गाळतो किंवा फाटक्या दाखवतो. प्रत्येक सांध्याला दोन फ्रेम्स गेल्या आणि सांधे ११९ असले, तर चित्रपट संपेपर्यंत आवाज आणि ओठ यांच्यात दहा सेकंदांच्या आसपास अंतर पडलेलं असतं.

यावर पक्का उपाय म्हणजे मूळ फाइल कापायचीच नाही. ती सामायिक फोल्डरमध्ये अखंड ठेवायची आणि रांगेत फक्त चिठ्ठ्या टाकायच्या: ‘फ्रेम ० ते १४३९’, ‘१४४० ते २८७९’. प्रत्येक कामगार चिठ्ठी वाचतो, मूळ फाइलमध्ये त्या जागी जातो आणि तेवढाच भाग एन्कोड करतो. जागेवर नेमकं उतरायला व्हेपरसिंथ हे स्क्रिप्टने व्हिडिओ हाताळणारं साधन आणि त्याचं एफएफएमएस२ किंवा बेस्टसोर्स हे प्लगइन वापरा. ते आधी फाइलची सूची बांधतात आणि फ्रेमच्या क्रमांकानुसार तंतोतंत तीच फ्रेम देतात. सूची एकदाच बांधून सगळ्यांना द्या, नाहीतर प्रत्येक मशीन पहिली काही मिनिटं अख्खी फाइल चाळत बसेल. नुसत्या एफएफएमपेगने करायचं तर सुरुवातीची वेळ इनपुटच्या आधी द्या. मग तो मागच्या कीफ्रेमपासून डीकोड करत येतो आणि नको त्या फ्रेम्स टाकतो. वेळ मात्र फ्रेमच्या बरोब्बर सीमेवर न देता अर्धी फ्रेम अलीकडची द्या. २३.९७६ च्या चित्रपटात फ्रेम ४१.७ मिलिसेकंदांची असते, दशांशाच्या खेळात ती इकडची तिकडे जाते.

तुकडा केवढा असावा? परत आपल्या तीन कॉम्प्युटरांकडे या. ६० सेकंदांच्या तुकड्यात १,४४० फ्रेम्स. वेगवान मशीन तो ४८ सेकंदांत संपवतं, हळू मशीन २८८ सेकंदांत. रांग संपत आली असताना शेवटचा तुकडा हळूच्या हाती लागला तर बाकीचे चार-पावणेपाच मिनिटं ताटकळतात, चालेल. तुकडे दहा मिनिटांचे केले असते तर हळू मशीनला एकेकाला ४८ मिनिटं लागली असती. शेवटी एक त्याच्याकडे गेला की सगळ्या खटाटोपावर पाणी. फार बारीक करण्याचंही नुकसान आहे. प्रत्येक तुकडा कीफ्रेमने सुरू होतो, आणि एन्कोडर पुढच्या फ्रेम्स बघून बिट वाटत असतो, ती नजर तुकड्याच्या शेवटी संपते. एक्स२६४ मूळ सेटिंगला ४० फ्रेम्स पुढे बघतो आणि २५० फ्रेम्समध्ये निदान एक कीफ्रेम टाकतो. त्याहून लहान तुकडे करून हाती काही लागत नाही. मी साधारण एक ते दोन मिनिटांचे ठेवतो.

सीमा दृश्य बदलतं तिथे ठेवता आली तर उत्तम. तिथे एन्कोडर तसाही कीफ्रेम टाकणारच असतो, त्यामुळे तोडण्याची किंमत जवळजवळ शून्य. मोठ्या स्ट्रीमिंग सेवाही हाच मार्ग धरतात: नेटफ्लिक्सने २०१८ मध्ये मांडलेली पद्धत शॉटगणिक एन्कोडिंगवरच उभी आहे. एव्ही१एएनला दृश्यबदल शोधून त्यांची यादी फाइलमध्ये लिहायला सांगता येतं, ती यादी तुमच्या चिठ्ठ्यांसाठी आयती मिळते.

काही फाइलींना आधी वेगळी तयारी लागते. फोनवर चित्रित केलेल्या व्हिडिओचा फ्रेमरेट बदलता असतो, त्यात ‘१४४० फ्रेम्स म्हणजे ६० सेकंद’ हा हिशेब चालत नाही. त्याच्या फ्रेम्सच्या वेळा आधी वेगळ्या काढून ठेवा आणि जोडणीनंतर परत लावा, किंवा फ्रेमरेट स्थिर करून घ्या. नॉइज कमी करणारे आणि इंटरलेसिंग (एकाआड एक ओळींनी साठवलेलं चित्र) काढणारे फिल्टर शेजारच्या फ्रेम्स बघून काम करतात. तुकड्याच्या कडेला त्यांना शेजार मिळत नाही. व्हेपरसिंथमध्ये फिल्टर आधी आणि काटछाट नंतर असा क्रम ठेवला की हा प्रश्न उरत नाही, कारण फिल्टरला अखंड फाइल दिसत राहते.

आवाज तोडू नका. कधीच नाही. एएसी, ओपस यांचे एन्कोडर सुरुवातीला थोडी शांतता भरतात. एफएफएमपेगचा एएसी एन्कोडर १,०२४ नमुन्यांची भरतो. तुकडे जोडले की प्रत्येक सांध्याला ती टक् करून ऐकू येते. शिवाय आवाजाचं एन्कोडिंग इतकं हलकं असतं की पहिलं मशीन चित्राचे तुकडे पाडत असतानाच ते उरकतं.

रांग

आता मुख्य यंत्रणा. यासाठी डेटाबेस लागत नाही, संदेशवाहक सर्व्हर लागत नाही. फाइलचं नाव बदलणं पुरेसं आहे.

एकाच फाइलसिस्टिममध्ये फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवणं ही अविभाज्य क्रिया असते: ती पूर्ण होते किंवा होतच नाही. दोन मशीनांनी एकाच क्षणी एकच चिठ्ठी उचलायचा प्रयत्न केला तर एकाला ती मिळते, दुसऱ्याला ‘अशी फाइल नाही’ असं उत्तर येतं आणि तो पुढची बघतो. प्रत्येक कामगाराची स्क्रिप्ट हे करते:

१. रांग फोल्डरमधली पहिली चिठ्ठी चालू फोल्डरमध्ये हलवायची, नावाला स्वतःच्या मशीनचं नाव जोडून. हलली नाही तर पुढची.

२. चिठ्ठीतला भाग एन्कोड करायचा, निकाल स्वतःच्या डिस्कवर तात्पुरत्या नावाने लिहायचा.

३. एफएफएमपेगने परत दिलेला कोड शून्य आहे का आणि निघालेल्या फ्रेम्स चिठ्ठीतल्या आकड्याइतक्याच आहेत का, ते बघायचं.

४. दोन्ही बरोबर असेल तर फाइल सामायिक फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने चढवायची आणि पूर्ण चढल्यावरच तयार फोल्डरमध्ये हलवायची. चिठ्ठी पुसायची.

५. बिनसलं असेल तर चिठ्ठीवर एक खूण वाढवून ती रांगेत परत टाकायची. तीन खुणा झाल्या की अडलेले फोल्डरमध्ये.

तात्पुरत्या नावाचा आग्रह उगाच नाही. तयार फोल्डरमध्ये दिसणारी प्रत्येक फाइल पूर्ण आहे, या एका हमीवर पुढचं सगळं बेतलेलं आहे. आणि तीन खुणांची मर्यादा नसेल तर मूळ फाइलमध्येच खराब असलेला एखादा भाग रात्रभर एका मशीनवरून दुसऱ्यावर फिरत राहतो.

एखादं मशीन मधेच बंद पडलं तर त्याची चिठ्ठी चालू फोल्डरमध्ये पडून राहते. तिच्यावर मशीनचं नाव असतं, त्यामुळे कुणाची ते कळतं. मुख्य मशीनवर एक छोटी राखणदार स्क्रिप्ट ठेवा: अपेक्षित वेळेच्या तिप्पट जुनी झालेली चिठ्ठी रांगेत परत टाकायची. अपेक्षित वेळ सर्वांत हळू मशीनची धरा.

एक विचित्र बिघाड इथेच भेटतो. लूपमध्ये यादीतून एकेक ओळ वाचून एफएफएमपेग चालवला की पहिला तुकडा होतो आणि बाकीच्या ओळी गायब होतात किंवा त्यांची अक्षरं खाल्ली जातात. कारण एफएफएमपेग कीबोर्डवरच्या आज्ञांसाठी कान देऊन असतो आणि तुमची यादीच गिळतो. त्याला नोस्टडइन हा पर्याय द्या. एसएसएचलाही हीच खोड आहे.

स्क्रिप्ट लिहायची नसेल तर ग्नू पॅरलल हा कामं वाटणारा प्रोग्रॅम हे सगळं जवळजवळ फुकटात देतो. मशीनांची यादी एका फाइलमध्ये, प्रत्येकावर एकदम किती कामं चालवायची तो आकडा नावाआधी, आणि चिठ्ठ्यांची यादी त्याला द्यायची. सामायिक फोल्डर नसला तरी तो फाइल नेतो, निकाल आणतो आणि मागचा कचरा साफ करतो. जॉबलॉग आणि रिझ्यूम-फेल्ड हे दोन पर्याय लावलेत तर मधेच वीज गेली तरी राहिलेलं आणि फसलेलं तेवढंच पुन्हा चालतं. विंडोजवरच राहायचं असेल तर रिपबॉट२६४ मध्ये वाटून एन्कोड करण्याची सोय आहे, मॅकवर ॲपलच्या कॉम्प्रेसरमध्ये.

एन्कोडरच्या सेटिंग

दर्जा स्थिर ठेवणारा सीआरएफ हा प्रकार वापरा. दोन फेऱ्यांचं सरासरी बिटरेटचं एन्कोडिंग तुकड्यांवर लावलं तर प्रत्येक तुकड्याला सारखाच वाटा मिळतो: श्रेयनामावलीवर बिटची उधळण आणि पावसातल्या मारामारीची उपासमार. सीआरएफमध्ये ज्याला जेवढे लागतील तेवढे मिळतात. आकड्याची तुलना एन्कोडरांमध्ये करू नका. एक्स२६४ चा मूळ आकडा २३, एक्स२६५ चा २८, एसव्हीटी-एव्ही१ चा ३५, आणि तिन्हींच्या पट्ट्या वेगळ्या. फाइलच्या आकाराला मर्यादा असेल तर चित्रपटभर विखुरलेले दहा-बारा तुकडे आधी करून बघा, अंदाज येतो.

थेट प्रसारणासारखी कमाल बिटरेटची सक्त अट असेल तर सांध्यांवर लक्ष ठेवा. प्रत्येक तुकड्याचा एन्कोडर बफर (प्लेअरजवळचा डेटाचा साठा) जवळजवळ भरलेला आहे असं धरूनच सुरू होतो, मागच्याने तो किती रिकामा केला हे त्याला माहीत नसतं. मर्यादा थोडी खाली ठेवली की भागतं.

एचडीआर (उजेड आणि रंगांचा मोठा पल्ला असलेलं चित्र) असेल तर रंगांची आणि उजेडाची माहिती प्रत्येक तुकड्याला द्या, पहिल्यालाच नाही. प्रीसेट, प्रोफाइल, लेव्हल, १०-बिट हे सगळं स्पष्ट लिहा, ‘आपोआप’वर काही सोडू नका. आणि सगळ्या कामगारांनी ही सेटिंग सामायिक फोल्डरमधल्या एकाच फाइलमधून वाचावी, म्हणजे मधेच बदल करायचा मोह झाला तर निदान सगळं काम पुन्हा करावं लागणार हे कळतं.

जोडणी आणि तपासणी

तुकड्यांच्या नावात क्रमांक चार आकडी ठेवा: ०००१, ०००२. नाहीतर यादीत १० हा २ च्या आधी येतो आणि चित्रपट उलटापालटा होतो. एफएफएमपेगच्या कॉनकॅट डीमक्सरला (तुकडे सलग वाचणाऱ्या भागाला) यादी द्या, कोडेक कॉपी. एमकेव्हीमर्ज या साधनानेही तेच होतं, आणि मला तोच आवडतो, कारण पत्रिका जुळत नसेल तर तो गप्प न बसता सांगतो.

मॅट्रोस्का (एमकेव्ही) फाइल वेळा सहसा मिलिसेकंदांत लिहिते. ४१.७०८ मिलिसेकंदांची फ्रेम तिला पूर्ण आकड्यात बसवावी लागते. तुकड्यागणिक अर्ध्या मिलिसेकंदाचा फरक एकाच दिशेने साचला तर १२० तुकड्यांत ६० मिलिसेकंद होतात. जोडताना फ्रेमरेट २४०००/१००१ असा अपूर्णांकात सक्तीने द्या, वेळा नव्याने आखल्या जातात. मग अखंड ठेवलेला आवाज, सबटायटल आणि प्रकरणांची यादी मूळ फाइलमधून आणून बसवा.

तपासणी फ्रेम मोजण्यापासून सुरू करा. तुकड्यांची बेरीज, जोडलेली फाइल आणि मूळ फाइल, तिन्ही आकडे एकच हवेत. एका फ्रेमचा फरकही ‘चालेल’ म्हणून सोडू नका, तो कुठल्यातरी सांध्यावर बसलेला असतो. त्यानंतर शेवटची पाच मिनिटं बघा, पहिली नाही. आवाज सरकला असेल तर तो शेवटी सर्वांत जास्त दिसतो. मग अंधारी, धुरकट, हळूहळू उजळणारी दृश्यं जिथे सांध्यावर येतात ती शोधा. तुकडा बदलताना दर्जाची पायरी जाणवलीच तर तिथे जाणवते. आकड्यांत हवं असेल तर नेटफ्लिक्सचं व्हीएमएएफ हे दर्जा मोजणारं साधन सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या शेपन्नास फ्रेम्सवर चालवा आणि फ्रेमगणिक आलेख काढा. सांध्यावर खड्डा दिसला तर सीमा शेजारच्या दृश्यबदलावर सरकवा.

हे सगळं पार पडेपर्यंत तयार फोल्डरला हात लावू नका. त्रेचाळीसावा तुकडा बिघडलेला निघाला तर फक्त त्याची चिठ्ठी रांगेत परत टाकायची, तो झाला की जोडणी पुन्हा चालवायची. जोडणीला डिस्कच्या वेगाइतकाच वेळ लागतो. सीमा सरकवली असेल तर मात्र तिच्या दोन्ही बाजूंचे तुकडे नव्याने करावे लागतात.